जमिनीखालचा शेजार

वर्धा जिल्ह्याच्या नकाशावर औष्णिक वीज केंद्रे शोधायला गेले तर फारसे काही सापडत नाही. मांडव्याला १३२० मेगावॉटचा एक प्रकल्प उभा राहू लागला होता. कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि तो वर्षानुवर्षे अर्धवट राहिला. पण जिल्ह्याच्या सीमेपलीकडे कोणत्याही दिशेला पाहा. ईशान्येला कोराडी आणि खापरखेडा, त्यापुढे मौदा, पश्चिमेला अमरावतीजवळचे नांदगावपेठ, आग्नेयेला वरोरा आणि चंद्रपूर. महाराष्ट्रातल्या कोळशाच्या विजेचा फार मोठा हिस्सा याच पट्ट्यात तयार होतो. वीज तारांवरून पश्चिमेला निघून जाते. राख आणि धूर विदर्भात राहतात.

हे पुस्तक त्या धुरातल्या एकाच घटकाबद्दल आहे. कोळसा जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड चिमणीतून सुटण्याआधी पकडायचा, दाबून दाट करायचा, नळाने वाहून न्यायचा आणि जमिनीखाली खोल, परत वर येणार नाही अशा खडकात साठवायचा, अशी ही कल्पना आहे. आजवर आपल्याकडे ती बहुतांशी परिषदांमध्ये आणि अहवालांमध्ये होती. आता ती अर्थसंकल्पात आली आहे. नीती आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये या विषयावरचा धोरण-आराखडा प्रसिद्ध केला आणि २०५० पर्यंत वर्षाला ७५ कोटी टन कार्बन डायऑक्साइड पकडण्याचे चित्र मांडले. १ फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने वीज, पोलाद, सिमेंट, तेलशुद्धीकरण आणि रसायने या पाच उद्योगांसाठी पुढील पाच वर्षांत मिळून २० हजार कोटी रुपयांची तरतूद प्रस्तावित केली. या पाचपैकी पहिले तीन उद्योग वर्धा नदीच्या दोन्ही काठांवर उभे आहेत. तेव्हा हा विषय नॉर्वेसारख्या देशांचा आहे, आपला नाही, असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

या पुस्तकातला माझा आग्रह सुरुवातीलाच सांगतो. कार्बन कोठे पुरायचा हा प्रश्न भूगर्भशास्त्राचा आहे, पण तो कोणी, कोणाला विचारून आणि कोणाच्या जबाबदारीवर पुरायचा हा प्रश्न शेजाऱ्यांचा आहे. जिल्ह्यांनी जिल्ह्यांशी आणि राज्यांनी राज्यांशी बसून तो आधी सोडवायला हवा. नळ टाकून झाल्यावर करार करू म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये, हे विदर्भाने आपल्याच अनुभवातून शिकायला हवे.

आधी आकड्यांची जाणीव हवी. भारतात कोळशाच्या एका युनिट विजेमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ५०० मेगावॉटचा एक संच वर्षभर सत्तर टक्के भाराने चालला तर सुमारे ३०० कोटी युनिट तयार होतात, म्हणजे ३० लाख टन वायू. चंद्रपूरच्या २९२० मेगावॉटच्या केंद्रात असे पाच संच आहेत आणि शिवाय २१० मेगावॉटचे दोन. आता दुसऱ्या बाजूला पाहू. नॉर्वेतल्या ज्या ‘नॉर्दर्न लाइट्स’ प्रकल्पाचे जगभर कौतुक होते, त्याच्या पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला १५ लाख टन आहे. चंद्रपूरचा एक संच त्याच्या दुप्पट वायू सोडतो. आपल्याकडचा प्रयोग याहून कितीतरी लहान आहे. मध्य प्रदेशातल्या विंध्याचल केंद्रात २०२२ मध्ये एनटीपीसीने दिवसाला २० टन पकडणारे संयंत्र बसवले. ४७६० मेगावॉटच्या त्या केंद्रासमोर हे प्रमाण नगण्य आहे. प्रयोग म्हणून त्याची किंमत मोठी आहे आणि तिथल्या अभियंत्यांचे काम आदराने पाहावे असे आहे. पण प्रयोगाला उपाय म्हणता येणार नाही.

पकडण्याची रीत जुनी आहे. धूर अमाइन नावाच्या रसायनाच्या द्रावणातून जाऊ दिला की कार्बन डायऑक्साइड त्याला चिकटतो. द्रावण तापवले की वायू सुटा होतो आणि द्रावण पुन्हा वापरता येते. खर्च आहे तो या तापवण्यात. केंद्राच्या विजेतला पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, केवळ पकडण्यात आणि दाबण्यात जातो. तेवढी वीज भरून काढायला जास्त कोळसा, जास्त खाणकाम, जास्त राख आणि जास्त पाणी. अप्पर वर्धा धरणाचे पाणी नांदगावपेठच्या केंद्राला द्यायचे की शेतीला, यावर अमरावती जिल्ह्यात काय संघर्ष झाला ते वाचकांना आठवत असेल. पकडण्याचे संयंत्र बसले की तोच प्रश्न पुन्हा, आणखी मोठा होऊन समोर येणार आहे.

आणखी एक गोष्ट अहवालांच्या तळटिपांत राहून जाते. धुरात गंधकाचे ऑक्साइड असले की अमाइन खराब होते. म्हणजे कार्बन पकडायचा तर आधी गंधक काढून टाकावा लागतो. गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याचा नियम केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये केला. मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना त्या नियमातून सूटच मिळाली. पहिली पायरी बांधणे ज्यांना दहा वर्षांत महाग वाटले, ते दुसरी आणि कितीतरी महागडी पायरी बांधतील असे गृहीत धरून आपण धोरण आखणार आहोत का? मला हा प्रश्न कार्बनच्या संपूर्ण चर्चेतला सर्वांत प्रामाणिक प्रश्न वाटतो.

म्हणून विजेच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. विजेला सूर्य आणि वारा हे पर्याय आहेत, आणि ते दरवर्षी स्वस्त होत आहेत. कार्बन पकडण्याच्या नावाखाली जुन्या कोळसा केंद्रांचे आयुष्य लांबवणे हा विदर्भावर नवा अन्याय होईल. सिमेंटचे तसे नाही. सिमेंटच्या भट्टीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा साठ टक्क्यांच्या आसपासचा भाग इंधनाचा नसतोच. तो चुनखडी भाजताना तिच्यातूनच सुटतो. भट्टी उद्या सौर विजेवर चालवली तरी हा वायू निघतच राहणार. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, घुग्घुस, नारंडा ही नावे वाचा. चंद्रपूर जिल्ह्याच्या या पट्ट्यात सिमेंट कारखान्यांची रांगच आहे. नॉर्वेने सुरुवात ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यापासून केली ती याच कारणाने. तिथे वर्षाला ४ लाख टन पकडण्याचे संयंत्र २०२५ मध्ये सुरू झाले. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानेही कार्बन पकडण्याच्या आपल्या पाच चाचणी केंद्रांसाठी सिमेंटच निवडले, आणि त्यात आयआयटी मुंबईचा सहभाग आहे. पैसा मर्यादित असेल तर तो आधी सिमेंटकडे, मग पोलादाकडे जावा. वर्ध्याजवळच्या भूगावचा पोलाद कारखाना या दुसऱ्या गटातला.

आता पुरण्याची जागा. महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतले गेलेल्या लाव्हाचे हे पठार जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटर पसरले आहे. बेसाल्टमधले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून त्याचा दगड करतात. आइसलँडमधल्या ‘कार्बफिक्स’ या प्रयोगात २०१२ मध्ये वायू पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला गेला, आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत खनिज होऊन बसला. ही बातमी आली तेव्हा दख्खनच्या पठाराकडे जगाचे लक्ष गेले, ते साहजिक होते. वायू कायमचा दगड होणार असेल तर गळतीची भीती संपते.

पण दख्खनचे पठार सगळीकडे सारखे नाही. सह्याद्रीत हे थर दीड-दोन हजार मीटर जाड आहेत. कोयनेच्या परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी खणलेल्या तीन किलोमीटर खोल विवरात बेसाल्ट १२४७ मीटरपर्यंत लागला. किल्लारीच्या विवरात तो ३३८ मीटरवर संपला. पूर्वेकडे येताना थर आणखी पातळ होत जातात आणि नागपूरच्या आसपास पठाराची कडच येते; सीताबर्डीचा किल्ला त्या कडेवरच्या टेकडीवर उभा आहे. वर्धा जिल्हा या पातळ होत जाणाऱ्या पदराखाली आहे. कार्बन डायऑक्साइड दाट अवस्थेत राहायला साधारण ८०० मीटर खोली लागते. म्हणजे जिथे धूर आहे तिथे जाड पाषाण नाही, आणि जिथे जाड पाषाण आहे ते सह्याद्रीच्या बाजूला, कित्येक शे किलोमीटर दूर. महाराष्ट्राच्या दोन टोकांना या कामात एकमेकांशिवाय चालणार नाही.

आइसलँडची रीत वापरली तर खोली कमी चालते, पण पाणी लागते. एक टन वायू विरघळवायला सुमारे २५ टन पाणी. चंद्रपूरच्या एका ५०० मेगावॉट संचाचा वर्षाचा वायू असा पुरायचा म्हटले तर साडेसात कोटी घनमीटर, म्हणजे अडीच टीएमसीहून अधिक पाणी दरवर्षी जमिनीत सोडावे लागेल. विहिरीला मार्चमध्येच तळ दिसणाऱ्या आर्वी-कारंज्याच्या शेतकऱ्यापुढे हा हिशेब मांडण्याची कोणाची हिंमत होईल? आइसलँडमध्ये समुद्राचे पाणी वापरून पाहण्याचे प्रयोग सुरू आहेत. ते यशस्वी झाले तर कोकण किनाऱ्याला अर्थ येईल, वर्ध्याला नाही.

राहतात आपल्या शेजारचे गोंडवना खडक. वर्धा नदीच्या खोऱ्यातला कोळसा यांतच आहे. बराकार थरांत कोळसा, आणि त्यांच्या वर कामठीचा वालुकाश्म. हे खडक वर्धा खोऱ्यात सुरू होतात आणि प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातून तेलंगणात सिंगरेणीच्या कोळसा पट्ट्यापर्यंत आग्नेयेकडे पसरत जातात. नदीचाही मार्ग जवळजवळ हाच आहे. मुलताईला, मध्य प्रदेशात, वर्धा उगम पावते. अमरावती आणि वर्धा, मग यवतमाळ आणि वर्धा, मग यवतमाळ आणि चंद्रपूर यांची सीमा होत खाली येते. वैनगंगेला मिळून प्राणहिता होते. आणि महाराष्ट्र-तेलंगणाच्या सीमेवरून गोदावरीला मिळते. वर पाणी आणि खाली खडक, दोन्ही एकाहून अधिक राज्यांचे आहेत.

या खडकांतही अडचणी आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. कामठीचा वालुकाश्म सच्छिद्र आहे म्हणून साठवणीला बरा, पण त्याच कारणाने तो भूजलाचा उत्तम साठा आहे आणि चंद्रपूर परिसरात लोक त्याचे पाणी पितात. कोळशाच्या थरांत वायू भरला तर तो कोळसा पुढे काढता येणार नाही, आणि वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीच्या खाणी तर वाढतच आहेत. वर्धा खोऱ्यातले थर खोलही फारसे नाहीत. म्हणूनच तर उघड्या खाणी परवडतात. योग्य खोली मिळण्याची शक्यता आग्नेयेला सरकत जाते, म्हणजे सिरोंचा आणि त्यापलीकडे. तिथे गडचिरोलीचे जंगल आहे, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आहे, वनहक्क कायदा आहे, आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून देशाला वाट दाखवणाऱ्या मेंढा-लेखा गावाचा जिल्हा आहे. चंद्रपूरचा धूर सिरोंच्याच्या जमिनीखाली जाणार असेल तर सिरोंच्याच्या ग्रामसभांना विचारणे हा उपचार असू शकत नाही. त्यांचा नकार हा नकार मानला गेला पाहिजे.

इथे प्रादेशिक सहकार्याचा खरा अर्थ सुरू होतो. पाण्याच्या बाबतीत आपल्याकडे निदान एक रीत आहे. घटनेचा २६२ वा अनुच्छेद आहे, १९५६ चा आंतरराज्यीय नदी जलविवाद कायदा आहे. गोदावरीसाठी बच्छावत लवाद १९६९ मध्ये नेमला गेला, राज्यांनी १९७५ मध्ये आपसांत करार केले आणि १९८० मध्ये अंतिम निवाडा झाला. तरीही भांडणे संपली नाहीत. पेंचच्या पाण्यासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात १९६४ चा करार आहे; छिंदवाड्यात चौराईचे धरण झाल्यावर तोतलाडोह जलाशयात येणारे पाणी घटले आणि नागपूर शहरासकट कोराडी-खापरखेड्याची केंद्रे काळजीत पडली. गोदावरीवरच्या मेडीगड्डा बंधाऱ्यासाठी २०१६ मध्ये महाराष्ट्राने तेलंगणाशी करार केला, पण सिरोंचा तालुक्यातल्या ज्या शेतांत पाणी तुंबले त्यांच्या मालकांचे समाधान त्या करारातून झालेले नाही. दिसणाऱ्या, मोजता येणाऱ्या पाण्याची ही गत. मग एका राज्यात आत सोडलेला आणि खडकाच्या भेगांतून दुसऱ्या राज्याच्या हद्दीखाली सरकणारा वायू कोणाचा, त्याची नोंद कोणी ठेवायची, गळती झाली तर भरपाई कोणी द्यायची? यासाठी आज आपल्याकडे ना लवाद आहे, ना कायदा.

जमिनीच्या मालकीचाही प्रश्न आहे. जमीन आणि पाणी हे घटनेने राज्यांच्या सूचीत ठेवलेले विषय. खाणी आणि खनिजांच्या विकासाचे नियमन संसदेच्या हाती. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये थ्रेसियम्मा जेकब प्रकरणात म्हटले की कायद्याने काढून घेतलेला नसेल तर जमिनीखालच्या खनिजावरचा हक्क जमीनमालकाचा असतो. खडकातली रिकामी छिद्रे खनिज नव्हेत. मग त्या छिद्रांतली जागा कोणाची? सातबारावर तिची नोंद नाही. आणि नळ टाकण्यासाठी शेतातला वापरहक्क घेण्याचा १९६२ चा कायदा पेट्रोलियम आणि खनिजांसाठी लिहिलेला आहे. तो कार्बन डायऑक्साइडला जसाच्या तसा लावायचा की नवा कायदा करायचा, हे ठरवायला हवे. ‘गेल’ची मुंबई-नागपूर-झारसुगुडा वायुवाहिनी समृद्धी महामार्गाच्या कडेने वर्ध्यातून जाते. उद्या कोणी म्हणेल, तिच्याच शेजारून दुसरा नळ उलट दिशेने नेऊ. नकाशावर ते सोपे दिसते.

नळ हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. कार्बन डायऑक्साइड पेटत नाही, त्याला रंग नाही, आणि तो हवेपेक्षा जड आहे. फुटलेल्या नळातून बाहेर पडला की सखल भागात साचतो आणि तिथला प्राणवायू ढकलून देतो. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या सटार्शिया गावाजवळ २२ फेब्रुवारी २०२० ला पावसाने जमीन खचून असा नळ फुटला. सुमारे दोनशे लोकांना घरे सोडावी लागली, पंचेचाळीस जणांना रुग्णालयात जावे लागले, आणि प्राणवायूअभावी गाड्यांची इंजिने रस्त्यातच बंद पडली. सुदैवाने कोणी दगावले नाही. आपली काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. अशा जमिनीत शेकडो किलोमीटर उच्च दाबाचा नळ टाकताना गावागावात मोजयंत्रे, भोंगे आणि प्रशिक्षित माणसे लागतील. ही माणसे कोणत्या खात्याची, हे आज कोणीच सांगू शकत नाही.

भूकंपाची शंका महाराष्ट्रात तरी कोणी अडाणीपणाची ठरवू नये. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जलाशयाच्या पाण्याशी जोडला गेला आहे, आणि जगभरच्या अभ्यासकांसाठी तो या प्रकारचा सर्वांत ठळक दाखला ठरला. ज्या भागाला भूकंपाचा धोका नाही असे मानले जात होते, तिथे ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी झाली. खडकात दाबाने द्रव सोडला की जुन्या भेगा सरकू शकतात, हे शास्त्राला मान्य आहे. म्हणून सोडण्याआधी, सोडताना आणि सोडून झाल्यावर अनेक दशके मोजत राहावे लागते. कराडला भूविवरांच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. कोयनेतून मिळालेले हे ज्ञान विदर्भाच्या उपयोगी पडले पाहिजे.

आता थोडे युरोपाकडे. तिथले देश आपल्यापेक्षा शहाणे आहेत म्हणून त्यांच्याकडे पाहायचे नाही. त्यांनी करार आधी केले म्हणून पाहायचे. नॉर्वेने १९९१ मध्ये समुद्रातल्या तेल-वायू उत्पादनावर कार्बन कर लावला. त्या करामुळे १९९६ मध्ये स्लाइप्नर क्षेत्रात दरवर्षी दहा लाख टनांच्या आसपास वायू समुद्रतळाखाली सोडणे सुरू झाले. कर भरण्यापेक्षा वायू पुरणे स्वस्त पडू लागले तेव्हाच ते घडले. २००९ मध्ये युरोपीय संघाने साठवणुकीचा निर्देश काढला. त्यात परवाना आहे, चालकाने आधीच ठेवायची आर्थिक हमी आहे, साठा सीमेपलीकडे पसरत असेल तर दोन्ही देशांनी मिळून नियमन करण्याचे बंधन आहे, आणि साठा बंद केल्यावर किमान वीस वर्षे साधारणपणे चालकाचीच जबाबदारी आहे. परदेशी वायू जहाजाने नेऊन समुद्राखाली पुरायला समुद्रात कचरा टाकण्याला आळा घालणाऱ्या लंडन प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय कराराची आडकाठी होती. २००९ मध्ये दुरुस्ती मंजूर झाली, पुरेशा देशांनी मान्यता दिली नाही, आणि २०१९ मध्ये तात्पुरत्या अंमलबजावणीची वाट काढली गेली. नॉर्वेने डेन्मार्क, नेदरलँड्स, बेल्जियम, स्वीडन यांच्याशी स्वतंत्र समझोते केले. एवढे सगळे झाल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये ‘नॉर्दर्न लाइट्स’ने समुद्रतळाच्या २६०० मीटर खाली पहिला वायू सोडला. खर्चाचा दोन-तृतीयांशांच्या आसपास भार नॉर्वे सरकारने उचलला. हा उद्योग बाजाराच्या बळावर उभा राहिला असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नये.

आपल्याकडच्या हमीचे काय होते हे राखेने दाखवले आहे. औष्णिक केंद्रांच्या राखेचा वापर झालाच पाहिजे अशी पहिली अधिसूचना १९९९ मध्ये निघाली. त्यानंतर ती किती वेळा बदलली, मुदती किती वाढल्या, हे या क्षेत्रातल्या लोकांना पाठ आहे. जुलै २०२२ च्या पावसात कोराडीच्या खसाळा राखबंधाऱ्याला भगदाड पडले आणि राखेचा चिखल शेतांत आणि नाल्यांत शिरला. डोळ्यांना दिसणारी, फावड्याने उचलता येणारी राख आपण पंचवीस वर्षांत नीट ठेवू शकलो नाही. न दिसणारा वायू शेकडो वर्षे नीट ठेवू, हे वचन कोण देणार आहे आणि कोणाच्या नावाने?

हा प्रश्न विचारायला वर्ध्याइतकी योग्य जागा नाही, असे मला मनापासून वाटते. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ इथे स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा मगनवाडीत राहून त्याचे काम पाहू लागले. कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्त शिकलेला हा अर्थतज्ज्ञ तेलघाणी, हातकागद आणि भातसडीचे अर्थशास्त्र मांडत होता. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ लिहिले. त्यात त्यांनी निसर्गाच्या संपत्तीचे दोन भाग केले आहेत. एक साठ्याची: कोळसा, तेल, धातू, जी काढली की संपते. दुसरी प्रवाहाची: पाणी, जंगल, पीक, जी जपली तर पुन्हा पुन्हा मिळते. साठ्यावर उभी राहिलेली अर्थव्यवस्था माणसांना भांडणाकडे आणि हिंसेकडे नेते, असे त्यांचे सांगणे होते. हवामानबदल हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. पण कार्बन पुरण्याच्या योजनेला त्यांची कसोटी लावून पाहा. संपणारा साठा उपसत राहण्यासाठी आता आपण भूगर्भातली रिकामी जागाही वापरायला निघालो आहोत, आणि चांगली जागा तीही मर्यादितच आहे. ती सिमेंटसारख्या दुसरा मार्ग नसलेल्या कामासाठी राखून ठेवली तर कुमारप्पांच्या विचाराशी विसंगत होणार नाही. कोळशाची वीज लांबवण्यासाठी उधळली तर होईल.

शेतातल्या सेंद्रिय कर्बाचा विषय या पुस्तकात थोडक्यात आला आहे. पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळण्याऐवजी कमी हवेत भाजून त्यांचा कोळसा जमिनीत मिसळणे, बांधावर झाडे राखणे, शेणखत वाढवणे, या गोष्टी वर्ध्याच्या शेतीला हव्याच आहेत. पण मातीत धरलेला कर्ब नांगरणीने आणि उन्हाने पुन्हा हवेत जाऊ शकतो. तो चिमणीच्या धुराची भरपाई म्हणून विकला जाऊ नये. केंद्राची कार्बन क्रेडिट व्यापार योजना २०२३ मध्ये अधिसूचित झाली आहे. शेतकऱ्याच्या मातीचा हिशेब कारखान्याच्या धुराशी जुळवण्याचा मोह तिच्या भोवती वाढणार, हे ओळखून सावध राहावे.

माझ्या मागण्या तीन आहेत आणि पुढची प्रकरणे त्यांच्याच भोवती रचली आहेत. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणा यांनी वर्धा-वैनगंगा-प्राणहिता खोऱ्यासाठी एक संयुक्त मंडळ स्थापन करावे, ज्यात भूवैज्ञानिकांइतकेच ग्रामसभांचे प्रतिनिधी असतील. नागपुरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विभागीय कार्यालय आहे, ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, केंद्रीय भूजल मंडळ आहे. त्यांच्याकडची या खोऱ्याची माहिती एकत्र करून मराठीत, तेलुगूत, हिंदीत आणि गोंडीत लोकांसमोर ठेवावी. आणि जबाबदारी, हमी आणि भरपाई यांचा कायदा होईपर्यंत विदर्भात एकही विवर साठवणुकीसाठी खणले जाऊ नये.

वाचकांकडेही एक मागणे आहे. भूगर्भात साठवलेला वायू वर येण्याची सर्वांत मोठी वाट म्हणजे माणसाने आधी पाडलेली आणि नीट न बुजवलेली भोके. कोळशाच्या शोधासाठी वर्धा खोऱ्यात अशी विवरे पिढ्यान्‌पिढ्या खणली गेली, आणि शेतातल्या कोरड्या गेलेल्या बोअर तर प्रत्येक शिवारात आहेत. आपल्या गावात अशी विवरे कोठे आहेत, किती खोल आहेत, बुजवली आहेत की उघडी, याची यादी करा. विहिरीच्या पाण्याची पातळी आणि पाणी तपासणीचा अहवाल तिच्यासोबत ठेवा. पुढे कधी पाणी बिघडले तर आधी ते कसे होते याचा पुरावा फक्त अशा नोंदींतच सापडेल. हे काम करायला शासनाच्या परवानगीची गरज नाही. ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवा, ठरावाने दप्तरात लावा आणि तिची एक प्रत तहसील कार्यालयात देऊन पोच घ्या.